पहिल्या प्लगवरचा अंगठा

आबा, रस्त्यात एखादी जुनी गाडी फटाका वाजवून बंद पडली की मी अजूनही थांबते. आता तशा गाड्या उरल्या नाहीत म्हणा. सुरतेत पर्वत पाटियाच्या तुमच्या पत्र्याच्या गॅरेजच्या जागी साड्यांचं काचेचं दुकान झालंय. आज तुम्हाला लिहायला कारण आहे, पण ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

नवागामच्या आपल्या खोलीत संध्याकाळी स्टोव्हवर वरण उकळत असायचं. तुम्ही कामावरून यायचात, हातपाय धुवायचात आणि फडकं न घेता ते पातेलं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचात. आई शेजारणींना आपल्या अहिराणीत कौतुकानं सांगायची, "यासना हात लोखंडना शेतस." कारीगराच्या हाताला चटका लागत नाही म्हणजे तो पक्का कारीगर, अशीच आपल्या गल्लीची समजूत. मीही मैत्रिणींत मिरवायचे. तुम्ही नुसते हसायचात. त्या हसण्याची मला आज चीड येते.

मग लग्नसराईतला तो दिवस. मी घरी साड्यांना लेस लावायचं काम करायचे, आणि त्या दुपारी तुमचा डबा घेऊन गॅरेजवर आले होते. कुणाचीतरी जुनी अम्बॅसिडर उभी आहे. प्लगांना ठिणगी वाटून देणारा तिचा झिजलेला डिस्ट्रिब्युटर काढून तुम्ही नवा बसवलाय. तुम्ही चावी फिरवता आणि गाडी सुरू व्हायच्या ऐवजी कार्बोरेटरमधून जाळ बाहेर येतो. पुन्हा काढता, पुन्हा बसवता, पुन्हा तेच. गॅरेजचे शेठ बाहेर येऊन म्हणतात, "कारीगर, तमारा हाथे आवी भूल?" आणि जेवायला निघून जातात. जो नुसता आवाज ऐकून गाडी जुळवतो म्हणून लोक लांबून यायचे, तो माझा बाप बॉनेटवर हात टेकून मान खाली घालून उभा होता.

"आठे ये," तुम्ही म्हणालात. "तुना आंगठा दे."

पहिला प्लग काढून त्या भोकावर तुम्ही माझा अंगठा दाबून धरलात आणि सगळं समजावून सांगितलंत. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा धूर बाहेर टाकायला, एकदा हवा दाबायला. दाबताना अंगठ्याला धक्का बसतो, तीच खरी वेळ. ती चुकली तर ठिणगी भलतीकडेच पडते. मग तुम्ही पुढे जाऊन हँडल हळूहळू फिरवू लागलात.

"धक्का लागना का?"

"लागना, आबा."

"कसा लागस?"

मला वाटलं माझी परीक्षा घेताय. म्हटलं, "आतून कोणी ढकली ऱ्हायना असं." तुम्ही माझ्या अंगठ्याकडे बघितलंत, मग स्वतःच्या. मग म्हणालात, "मना आंगठाले काही समजत नही."

पुढचं तुम्हीच केलंत. पुलीवरची खूण जुळवली, रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरकडे आणलं, गाडी सुरू केली आणि कान लावून डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवत राहिलात. आवाज शांत, एकसारखा झाला तसा नट आवळलात. कान शाबूत होते तुमचे. मग चिंधीनं माझा काळा अंगठा पुसत म्हणालात, "कोणले सांगू नको."

नाही सांगितलं. तसलं काम आलं की डबा घेऊन मीच यायचे, अगदी माझं लग्न ठरेपर्यंत. तेव्हा मी म्हटलं होतं, साखरेच्या आजारानं हातपाय बधिर होतात म्हणे, आधी दवाखान्यात साखर तपासू, लग्न पुढं ढकलू. तुम्ही खेकसलात, "आंगठासाठे कोणी लगीन थांबाडस का?" मी नंदुरबारला नांदायला गेले. तुमच्या गाड्यांतून पुन्हा जाळ निघू लागला, आणि शेठनी तुम्हाला रॉकेलमध्ये पार्ट धुवायला बसवलं. पुढे चपलेतून पायात खिळा शिरला, तुम्ही तो घेऊन दिवसभर हिंडलात, घरी आल्यावर आईनं रक्त पाहिलं. जखम चिघळली आणि त्या पायानंच तुम्हाला नेलं. लोक म्हणाले, किती सोसलं बिचाऱ्यानं. काय सोसलं? तुम्हाला दुखलंच नव्हतं. दुखलं असतं तर वाचला असतात.

आता मी पुन्हा सुरतेत आहे, मुलाकडे. हा कागद कुठं धाडायचा नाही, चहा झाला की गॅसवर धरीन. आज सकाळी तव्यावरची भाकरी मी उलथण्याशिवाय हातानं उलटली, नेहमीसारखी. सून नातीला म्हणाली, बघ, आजीचे हात लोखंडाचे आहेत. मी हसले, आबा, अगदी तुमच्यासारखी. मग न्हाणीत जाऊन कडी लावली आणि अंगठा दातांखाली जोरात दाबला. दातांचे वळ उठले तरी काही कळलं नाही. घरात अजून कुणाला सांगितलं नाही.