कंटेनर तपासायची तुमची रीत

आबा, तुमच्या नातीला चेन्नईच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि ती जाणार नव्हती. कारण मी. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, म्हणून सांगते, ती माझी एकुलती एक. इथं बी.कॉम. झाली आणि पुढं जहाजांच्या व्यापाराचं अर्थशास्त्र आणि सागरी वाहतूक शिकायचं तिनं मनात घेतलं. असं काही विद्यापीठात शिकवतात हे मलाही तिच्याकडूनच कळलं. तिचे वडील एक दिवस सकाळी कामावर गेले आणि दुपारी दवाखान्यातून फोन आला. तेव्हा मी रडले, रीतीप्रमाणं सगळं केलं. त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून आत काही हलत नाही. याला दुःख म्हणावं का, तेही मला ठरवता येत नाही. सकाळी उठते, पाणी भरते, दुपारी वाचते.

थोरले दीर खुलताबादहून मुद्दाम आले होते. चहाची बशी हातात धरून म्हणाले, "जायकवाडीशिवाय पाणी पाह्यलं नाय आपण, अन् पोरगी जहाजं शिकणार?" ती म्हणाली, "काका, जहाजावर नाही जायचं. जहाजाचं भाडं कसं ठरतं ते शिकायचंय." "मंग त्याला चेन्नई कशाला? नाक्यावरच्या रिक्षावाल्याला इचार की, तो बरोबर सांगंल." ती हसली, मीही हसले असेन. त्यांचा विरोध नव्हता तसा. जाताना दारात मला हळूच म्हणाले, "बाई, तुमचं काय मंग?" नेमकं तेच तिच्याही डोक्यात होतं.

तिनं औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून जुनी पुस्तकं आणली होती. ती बाहेर गेली की मी शब्दकोश घेऊन वाचायची. तुम्ही दहावीनंतर शाळा सोडवलीत, पण वाचायची खोड काही गेली नाही. एका धड्यात रिकाम्या कंटेनरबद्दल होतं. माल एका दिशेनं जास्त जातो आणि रिकामे डबे दुसऱ्या टोकाला साचतात. ते परत आणावेच लागतात, आणि तो खर्च भरलेल्या डब्यांच्या भाड्यात धरलेला असतो. मी ते पान दोनदा वाचलं. आमच्या घरात मी रिकामी झाले होते आणि माझा भार ती पोर वाहत होती. हे मला कळलं, पण कळून काही वाटलं नाही.

मग तो स्वयंपाकघरातला दिवस. मी भाकरी टाकली होती आणि तव्याकडंच बघत उभी होते. ती आत आली, गॅस बंद केला, करपलेली भाकरी उलथण्यानं उचलली. "आई, वास तरी येत नाही का गं?" मी म्हटलं, "मी ठीक आहे." ती म्हणाली, "हेच. रोज हेच म्हणतेस. मी नाही जात. संध्याकाळपर्यंत कळवायचंय, नाही म्हणून कळवते."

आणि मला तुमचा तो कंटेनर आठवला. चिकलठाण्याच्या कारखान्यातला दसरा. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्यात, कामगारांची बायकापोरं पेढे खात हिंडतायत, आणि तुम्ही मला बोटाला धरून पॅकिंगच्या शेडमागं नेता. माल भरायच्या आधी रिकामा डबा तपासायचं काम तुमचं. आपण दोघं आत शिरतो. तुमच्या जोडीला काम करणारे मामा बाहेरून दाराला हात लावून विचारतात, "काय आबा, पोरगी बी पार्सल का? करू का सील?" तुम्ही म्हणता, "कर. पण भाडं तू भर." दार लागतं. काळंकुट्ट. लाकडी फळ्यांचा आणि गंजाचा वास. मी लगेच म्हणते, "काही नाही दिसत आबा, चला." तुम्ही रागावता. "आत्ता तर दार लागलं. बाहेरचा उजेड डोळ्यात असतो तवर भोक दिसत नाय, माय. डोळे बसू दे अंधारात, सरावू दे." मग आपण नुसते उभे. किती वेळ, कोण जाणे. मग छताच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड. तेवढ्यातून पाणी झिरपलं तर समुद्रापार जाईस्तोवर सगळा माल गंजतो. तुम्ही मला खांद्यावर घेतलंत आणि माझ्याच हातानं तिथं खडूचा गोल काढवलात. मग आतून दार वाजवलंत. मामा हाकेच्या अंतरावर दुसरा माल मोजत होते. आतल्यानं दार वाजवेपर्यंत बाहेरच्यानं आपलं काम करायचं, नुसतं ताटकळायचं नाही, अशी तुमची रीत होती.

हे सगळं मी तिला सांगितलं, करपलेली भाकरी मधे ठेवून. म्हटलं, "मी ठीक नाही. मला काहीच वाटत नाही. तू निघालीस तरी वाटेल की नाही, माहीत नाही. पण मी आत आहे, डोळे बसायला वेळ लागतोय. तू दाराशी उभी राहू नकोस." तिनं करपलेली भाकरी बाजूला सारली. मग म्हणाली, "दार वाजवशील ना?" मी म्हटलं, "वाजवीन." तिनं संध्याकाळी हो म्हणून कळवलं.

आता ती तिकडं आहे. रविवारी फोन करते, बंदरावर नेलं होतं, एवढे डबे एकावर एक बघितले, असं सांगते. शेवटी विचारते, "दिसलं का काही?" मी म्हणते, "शोधतेय." ती म्हणते, "बरं, घाई नाही." तुमच्यासारखंच म्हणते.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि तिला दाखवायचंही नाही. तिला वाटतं मी शोधते आहे. आबा, डोळे केव्हाच बसलेत अंधारात. मी अजून वर बघितलेलं नाही.