आईला कुठे ठेवायचं

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आईने बाबांना मरताना फादर मिळू दिले नाहीत. मुद्दाम!

नऊ वर्षं मी समजत होते की फादर विश्रांतवाडीच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले. आईनेच सांगितलं होतं तसं. बाबांचं पापनिवेदन राहिलं, मरणाआधीचं पवित्र तेल लागलं नाही, म्हणून मी दर वर्षी त्यांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवते. आज म्हणते, फादरना फोन केलाच नव्हता.

निघालं ते असं. डायलिसिस तिने स्वतःच बंद केलंय. "माझं कुठे करणार ते बघून ठेव," म्हणून तीच मागे लागली होती. चर्चच्या ऑफिसात गेले. नवीन कबर मिळत नाही, जागाच उरली नाही. घरची जुनी उघडायची — म्हणजे आजीची, जिच्यात बाबाही आहेत. सगळ्यांचं आता असंच होतं, जुन्या हाडांचं गाठोडं पायाशी आणि वर नवा माणूस. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "ह्यांच्याबरोबर नको. न्यायाच्या शेवटच्या दिवशी कबरीतून उठून बसले की पहिलं तोंड ह्यांचं बघू?"

मी हसले. वाटलं, नेहमीचा तिरकसपणा. मग तिने ते फोनचं सांगितलं. कप हातात धरून, भाजीचा भाव सांगावा तसं.

४ ऑक्टोबर

मला भाऊ होता. बेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

मिस्सेला गेले नाही. आईजवळ बसून सगळं काढून घेतलं.

१९८०. माझ्या तीन वर्षं आधी. मुलगा झाला, पण फार अशक्त. बाबा धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यायचे. जिवावर बेतलं तर कुणीही डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो — हे त्यांनी अख्ख्या पॅरिशच्या पोरांना शिकवलं. मलाही! आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी थांबून राहिले. श्रीरामपूरहून थोरला भाऊ येणार होता, धर्मपिता म्हणून. रविवारी चर्चमध्ये नीट करू म्हणाले. मूल शनिवारी गेलं. तीन दिवसांचं.

बाप्तिस्मा नाही म्हणून तेव्हा दफनभूमीत जागा नाही. बाबा त्याला उचलून घेऊन गेले आणि दोन तासांनी मोकळ्या हातांनी परत आले. कुठे ठेवलं ते आईला सांगितलं नाही. छत्तीस वर्षं ती विचारत होती आणि बाबा एकच म्हणायचे — जिथे आहे तिथे बरा आहे.

"शेवटी म्हणाले, फादरना बोलव, मला सांगून टाकायचंय. मी म्हटलं, आधी मला सांगा. फादरच्या कानात गेलं की संपलं ना, ते मेले तरी कुणाला बोलणार नाहीत. मला वाटलं, भिऊन तरी सांगतील. नाही सांगितलं. दुपारी गेलेच."

मग म्हणाली, "अपू, सगळे उठतील तेव्हा तोही उठेल ना गं? एवढंसं लेकरू. त्याला उचलून कोण घेणार?"

मला दोघांचाही राग येतोय. बाबांचा जास्त, आणि लगेच रडूही त्यांचंच येतं. ते पाप घेऊन गेले असतील तर ते आईमुळे. ही गोष्ट अभयलासुद्धा सांगितलेली नाही, आणि तो नवरा आहे माझा.

७ ऑक्टोबर

मिस्सेनंतर फादरना गाठलं. कुणाचं नाव न घेता विचारलं. म्हणाले, "माणसाला मनापासून पश्चात्ताप झाला, सांगायची इच्छा होती आणि फादर मिळाले नाहीत — तर देव काही फादरसाठी अडून बसत नाही."

बाहेर येऊन स्कूटरवर बसून रडले. घरी आईला सांगितलं. मला वाटलं, तिला हलकं वाटेल. ती म्हणाली, "म्हणजे सुटले ते. आणि मी बसले नऊ वर्षं अडकून."

गुडघे दुखतात म्हणून मिस्सेत ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला उठत नाही, असं ती सांगायची. खरं तर ते पाप फादरना सांगितल्याशिवाय तिला ती घेता येत नव्हती. नऊ वर्षं! माझ्या शेजारी बसून. माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

१० ऑक्टोबर

आईचं फर्मान — मला जाळा, राख चर्चच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवा. चर्चची परवानगी असते. ऑफिसातून विचारून आले.

मी म्हटलं, "राखेतून उठशील कशी?"

"मातीतून माणूस केला त्याला राखेतून जमत नाही होय? कोनाड्यातून निघायला सोपं. ह्यांना ओलांडून यायला नको, सरळ त्याला शोधायला जाता येईल."

शब्द दिला तिला.

११ ऑक्टोबर

फादर घरी आले. दार बंद, वीस मिनिटं. तिने काय सांगितलं ते आता मला कधीच कळणार नाही. दार उघडल्यावर ख्रिस्तशरीर घेतलं, मग चहा मागितला, साखर घालून.

१५ ऑक्टोबर

आई गेली. साडेतीन वाजता. अभय पोचेपर्यंत मी एकटीच तिचा हात धरून होते.

१७ ऑक्टोबर

विद्युतदाहिनी. मुक्ताबाई आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या भावाची कबर आहे की. बाईला जाळायची वेळ का यावी?" म्हटलं, तिची इच्छा होती. "इच्छा काय, माणूस काहीही बोलतं."

क्षणभर वाटलं, ऐकावं आत्याचं. पण शब्द दिला होता.

२५ ऑक्टोबर

आईला कोनाड्यात ठेवलं. पाटी बसवली — विमलाबाई रंगराव पाटोळे. जागा तशी चांगली आहे, सकाळचं ऊन येतं.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. बाबांच्या कबरीवर फुलं ठेवत होते. कबरी खोदणारे शंभूकाका जवळ आले. "आई हितं नाय आल्या व्हय ताई? मला वाटलं, हितंच येतील, लेकरापाशी." मी विचारलं, "कुठल्या लेकरापाशी?" "तुमच्या बाबांच्या वक्ताला उघडली न्हवं का, तवा आजीच्या हाडांवर एक पत्र्याची पेटी निघाली. आत तान्ह्या लेकराची हाडं, झाकणावर खिळ्यानं क्रूस कोरल्याला. घरचंच असंल म्हणून बाबांच्या पायाशी ठिवलं. तुम्ही समदी रडत व्हता, बोललो न्हाई."

आईने सांगितलं होतं, त्या कबरीत नको. मी तिचं ऐकलं.