चंपाषष्ठीसाठी न्यासाची उंचावलेली गाडी मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. अपूर्व माधवराव चांदोरकर,
कार्यवाह तथा अध्यक्ष, साहसी भ्रमण उपसमिती,
दक्षिणी कुटुंब सेवा न्यास,
खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर.

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

विषय : न्यासाची १९९९ सालची डिझेल गाडी बुधवार दि. २६ रोजी चंपाषष्ठीनिमित्त एका दिवसाकरिता मिळणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचा दि. ६ ऑक्टोबरचा अर्ज (उत्तर नाही).
(२) अर्जदाराचे दि. २७ ऑक्टोबरचे स्मरणपत्र (उत्तरादाखल मोबाइलवर अंगठ्याचे चित्र प्राप्त).

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार सौ. कुमुदिनी कृष्णराव सुर्वे, वय ७१, ही न्यासाच्या आवारातील खोली क्र. ४ मध्ये पतीसह राहते. राज्याच्या भूमिसंधारण खात्यात तिची सत्तावीस वर्षे चंबळच्या खोऱ्यांत गेली आहेत. विषयात नमूद गाडी मुळात सुर्वे दांपत्याची. २०१७ साली ती न्यासाला दान देताना एकच अट लिहून घेतली होती, ती अशी की, दर चंपाषष्ठीला ज्या वृद्धांना चालवत नाही त्यांना या गाडीतून भैंसाखोहच्या टेकडीवरील खंडोबाला न्यावे. टेकडीकडचा शेवटचा नऊ किलोमीटरचा रस्ता म्हणजे घळी, दगडधोंडे आणि नाल्याचे पात्र. तिथे दुसरी गाडी जात नाही. ही जात होती. यंदा ती जाऊ शकत नाही, आणि याचे श्रेय सर्वस्वी आपल्या उपसमितीकडे जाते.

२. गेल्या जून महिन्यात आपण, श्री. हेमेंद्र आणि श्री. सौरव अशा तिघांची ‘साहसी भ्रमण उपसमिती’ स्थापन झाली. गाडी खडतर वाटांसाठी ‘तयार’ करणे, हा तिचा उद्देश ठरला. तिघांचाही खडतर वाटांशी तोवरचा संबंध नया बाजारात फुटपाथवर गाडी चढवून लावण्यापुरता होता, ही बाब ठरावात नमूद नाही. गाडी आठ वर्षे त्याच वाटांवरून विनातक्रार जाऊन येत होती, हीसुद्धा नाही.

३. जुन्या गाडीत फेरबदल करण्यास अर्जदाराचा विरोध आहे, असा गैरसमज आपण पसरवला आहे. तसे मुळीच नाही. अर्जदाराने व तिच्या पतीने २००३ साली याच गाडीखाली इंजिनाला दगड लागू नये म्हणून लोखंडी पत्रा बसवला होता, पुढेमागे ओढून काढण्यासाठी दणकट आकडे लावले होते आणि पाणी शिरू नये म्हणून गिअरपेटीची हवेची नळी वर आणली होती. बाहेरून यातले काहीच दिसत नसे. तीच अडचण झाली. पत्रा फोटोत येत नाही म्हणून उपसमितीने तो काढून भंगारात घातला. त्याऐवजी स्प्रिंगा बदलून गाडी चार इंच वर उचलली, तेहेतीस इंची टायर चढवले, छतावर कॅरिअर बसवला आणि त्याच्यावर दिव्यांची लांबलचक पट्टी लावली. कॅरिअर खडखडतो म्हणून तो बोल्टने न कसता चक्क वेल्डिंग करून टाकला. दिवे खरोखरच लावले, यात शंका नाही.

४. बोनेटच्या बाजूने छतापर्यंत गेलेल्या काळ्या जाड नळीबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहिणे भाग आहे. पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी, यासाठी अशी नळी असते. अर्जदाराने चाळीशी लावून तिच्यामागे पाहिले. मागचा पत्रा अखंड आहे. त्याला भोकच पाडलेले नाही. नळी तीन स्क्रू आणि गोंदपट्टीवर उभी आहे. हे श्री. सौरव यांच्या निदर्शनास आणले असता ते म्हणाले, ‘काकू, तो लुक आहे. पाण्यात कोण जाऊन राहिलंय?’ समितीचे साहस कुठपर्यंत आहे, हे त्या एका वाक्यात स्पष्ट झाले, याबद्दल अर्जदार त्यांची आभारी आहे.

५. मागची दोन लाकडी बाके काढून तिथे शीतपेटी बसवण्यात आली. जिथे सात म्हातारी माणसे गुडघ्याला गुडघा लावून, भंडाऱ्याचे डबे मांडीवर घेऊन बसत, तिथे आता सरबताच्या बाटल्या थंड होत आहेत. माणसे घरी आहेत.

६. हे सर्व काम चार महिने न्यासाच्या आवारातच चालले, कारण मिस्त्रीवर नजर राहावी अशी आपली इच्छा होती. नजर राहिली. दसऱ्याच्या दिवशी झेंडूचे हार, चाकांखाली लिंबे, नारळ, तीन मोबाइलवर चित्रण, अशा थाटात गाडी बाहेर काढण्यात आली. ती बावीस फूट चालली आणि दरवाजाच्या दगडी कमानीला दिव्यांची पट्टी धडकून उभी राहिली. पुढे घेता येईना, म्हणून मागे घेतली. गाडी किती तिरपी झाली तर उलटेल, किती अंशांचा चढ चढेल, किती पाण्यातून जाईल, याची मापे समितीने कागदावर काढली होती. कमानीचे माप कुणी काढले नाही. ज्या गाडीसाठी जगातल्या सगळ्या वाटा खुल्या झाल्या, तिला खासगी बाजाराची गल्ली दिसेना. त्या दिवसापासून गाडी आवारातच आहे.

७. एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे झाले असते. तथापि समितीची अक्कल चरायला गेलेली असल्याने पुढील कार्यवाही झाली. प्रथम कमान पाडण्याचा ठराव आला. ती न्यास स्थापन करणाऱ्यांनी बांधली असल्याने वडीलधाऱ्यांनी तो हाणून पाडला. मग कमानीखालची जमीन एक फूट खोदण्याचे ठरले. कमानीखाली अखंड शिळा निघाली, ती फुटेना. म्हणून खड्डा शिळेच्या अलीकडे आठ फुटांवर खोदण्यात आला. म्हणजे गाडी आता प्रथम खाली उतरेल, मग वर चढेल आणि कमानीखाली पूर्वीच्याच उंचीवर येऊन पूर्वीसारखीच अडकेल. खोदताना नळाची जोडणी फुटली व खड्ड्यात पाणी साचले. आठ दिवस खोली क्र. १ ते ९ ला पाणी नव्हते. खड्ड्याला मात्र होते.

८. त्यानंतर जे झाले ते लिहिताना अर्जदाराला लाज वाटते, आपल्याला वाटली नाही. श्री. हेमेंद्र यांनी ट्रॉलीभर माती आणून त्या खड्ड्यात टाकली आणि चिखल तयार केला. दर रविवारी सकाळी गाडी त्या चिखलात पुढे-मागे केली जाते. समिती याला ‘प्रशिक्षण सत्र’ म्हणते. दि. १६ च्या रविवारी गाडी त्यात रुतली. पुढे बसवलेली तारेची चरखी वापरण्याची ती पहिलीच संधी होती. तार खोली क्र. ६ च्या खिडकीच्या गजाला बांधण्यात आली. गाडी निघाली नाही. खिडकी निघाली. त्या खोलीतील शरयूताई, वय ८३, गेले आठ दिवस खिडकीवर सतरंजी लावून थंडी काढत आहेत.

९. येथवरचे सर्व अर्जदाराने नाक मुरडून सोडून दिले असते. मोठी माणसे आवारात चिखल खेळतात तर खेळोत. परंतु या पोरखेळात एका माणसाचे नुकसान होत आहे, आणि ते माणूस म्हणजे अर्जदाराचे पती श्री. कृष्णराव सुर्वे, वय ७८. वयाच्या सतराव्या वर्षापासून त्यांनी एकही चंपाषष्ठी चुकवलेली नाही. टेकडीवर तळी उचलणाऱ्या पाच जणांत ते एकसष्ट वर्षे आहेत. ऑगस्टमध्ये त्यांची डावी बाजू लुळी पडली. बोलणे थोडके होते, कळणे मात्र पूर्ण आहे. डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचा शब्द दिलेला नाही.

१०. येथे अर्जदारास एक गोष्ट कबूल करावी लागते. फेरबदलाच्या ठरावावर ज्येष्ठ विश्वस्त म्हणून सही कृष्णरावांचीच आहे. श्री. हेमेंद्र जूनमध्ये खोलीवर येऊन म्हणाले होते, ‘काका, पुढच्या सीटवर तुम्हीच. एकदम राजासारखे.’ माणूस हुरळला. अर्जदाराने तेव्हा त्यांना मूर्ख म्हटले होते, आणि आजही त्यात बदल करण्याचे कारण दिसत नाही. मात्र दसऱ्यापासून ते खिडकीशी बसून त्या गाडीकडे पाहत असतात. समितीविरुद्ध एक शब्द बोलत नाहीत, कारण सही आपली आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. गेल्या पंधरवड्यात ते दोनदा म्हणाले, ‘यंदा मन नाही.’ त्रेपन्न वर्षांच्या संसारात ते इतके वाईट खोटे कधी बोलले नव्हते. अर्जदाराला ते सहन होत नाही. बाकी सगळे होते.

११. सबब, गाडी बाहेर कशी काढावी, हे आपल्या माहितीसाठी लिहीत आहे. अर्जदाराने कापडी टेपने मोजले असता गाडी कमानीपेक्षा सव्वा इंच उंच भरली. खडकाळ वाटेवर शिरण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करावी, म्हणजे टायर पसरतो व पकड घेतो, हे या कामातले पहिले अक्षर आहे. खोऱ्यात गुरे वळणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. हवा पस्तीसवरून दहावर आणली की गाडी दीड इंच बसते. आत सात माणसे बसली की स्प्रिंगा दबून आणखी बसते. दोन बोटे जागा उरेल. समितीजवळ हवा मोजायचे यंत्र आहे आणि हवा भरायचेही आहे. दोन्ही अद्याप वेष्टनात आहेत. दोन महिने कमान पाडणे, शिळा फोडणे आणि नळ तोडणे हे सर्व सुचले. टायरची हवा सोडणे तिघांपैकी एकालाही सुचले नाही.

१२. खड्ड्यावर टाकण्यासाठी फळ्या काढून ठेवल्या आहेत. बाके भांडारात सापडली, आठ बोल्टांचे काम आहे. शीतपेटी आपण आपल्या घरी न्यावी. गाडीची पायरी आता अर्जदाराच्या कमरेएवढी उंच झाली असल्याने, सभागृहातील ज्या लाकडी जिन्यावरून आपण व्यासपीठावर चढता, तो गाडीला लावण्यात येईल. गाडी अर्जदार चालवील. दान घेताना दुसरी किल्ली मागून घ्यावी, हेही न्यासाला सुचले नव्हते. तेव्हा खरे पाहता, गाडीसाठी आपल्या परवानगीची गरज नाही, आणि विषयात लिहिलेली मागणी केवळ रीत म्हणून लिहिली आहे.

१३. खरी विनंती वेगळी आहे व ती करताना अर्जदाराला जड जात आहे. अर्जदाराने कृष्णरावांना ‘गाडी मी काढते’ असे सांगितले असते, तर ते आले नसते. आपल्या चुकीसाठी बायकोने म्हातारपणी खटपट करावी, हे त्यांना चालले नसते. म्हणून काल संध्याकाळी अर्जदाराने त्यांना सांगितले की, समितीची तिन्ही मुले येऊन गेली, त्यांनी गाडीची वाट मोकळी केली, आणि काकांना पुढच्या सीटवर न्यायचे हे त्यांनी जूनमध्येच ठरवले होते, ते विसरलेले नाहीत. ऐकून कृष्णरावांनी उजव्या हाताने खूण करून ट्रंकेतला फेटा काढायला सांगितला. आज सकाळी दाढीही करून घेतली आहे.

१४. तरी बुधवारी सकाळी सहा वाजता आपण, श्री. हेमेंद्र व श्री. सौरव यांनी अंघोळ करून, चिखल न लागलेल्या कपड्यांत दरवाजाशी उभे राहावे. श्री. हेमेंद्र यांनी पुढचे दार उघडावे. बाकी दोघांनी कृष्णरावांना काखेत धरून वर बसवावे. डावा हात जपून. फोटो काढू नये. गाडीबद्दल काहीही समजावून सांगू नये. अर्जदाराचे आपल्या तिघांबद्दल जे मत आहे ते वर सविस्तर आले आहे, ते बदलण्याची तिची इच्छा नाही आणि आपणही तशी आशा ठेवू नये. पण त्या माणसाचे आपल्याबद्दल चांगले मत आहे. ते बुधवारपुरते तरी खरे ठरवावे, एवढ्यासाठी अर्जदार आपल्यापुढे हात जोडत आहे.

आपली, या एका कामापुरती नम्र,

(सही)
सौ. कुमुदिनी कृष्णराव सुर्वे
खोली क्र. ४, न्यास आवार, खासगी बाजार

सोबत :
(१) २०१७ च्या दानपत्राची प्रत.
(२) कमान व गाडी यांच्या मापांचा कागद.
(३) श्री. हेमेंद्र यांनी दार उघडताना म्हणावयाचे दोन शब्द, मोठ्या अक्षरांत : ‘काका, चला.’