कावळ्यापुढं दिलेला शब्द

प्रिय आत्याबाई,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. खिरीसाठी तुमच्या लेकानं तांब्याभर दूध तापवून शिंक्यावर ठेवलंय, आणि खाली तुमची नात वंदी प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून कोरा चहा पितेय. बघून चीड आली मला. नवऱ्याशी बोलून तोंड दुखलं, म्हणून सासूला लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतच, अक्षर वाकडं येईल. चालवून घ्या.

पोरगी परत मोडली हो! ओसरीच्या पायरीवरून घसरली, हात टेकला, मनगट गेलं. वाडीतली बाकीची पोरं डोंगरावरून गडगडत येतात नि धूळ झटकून उठतात. हिचा मागं खांदा, आता मनगट. जाऊबाई म्हणतात, "सातमाशी ती, ठिसूळच राहणार. बसवून ठेव घरात." बसवून ठेव! मडकं हाय का ती?

महाडला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेली. त्या म्हणाल्या, "पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची हाडं भरतात. हिचे त्यातलेच महिने बुडाले. मोठी झाली म्हणून ती कसर आपोआप जात नाही. आता वाढीचं वय आहे, भरून काढा. दूध, नाचणी, ऊन. आणि प्लास्टर निघालं की पळू द्या, उड्या मारू द्या." मग विचारलं, "घरी दूध असतं ना?"

म्हटलं, "म्हशी हायेत आमच्या."

"मग काय काळजी!" म्हणून हसल्या बाई. मी खाली बघितलं. काय सांगू, की दूध सगळं पोलादपूरच्या हॉटेलांत जातं नि आमची पोरं काळं पाणी पितात?

आत्याबाई, ही पोर वीतभर जन्मली तेव्हा सगळे म्हणाले, राहत नाय. तुम्ही पदराखाली उघड्या पोटाशी धरून अख्खा पावसाळा चुलीपुढं बसलात. तुम्ही जगवलीत! मग तिला पेलाभर दूध द्यायला हात का आखडला हो? "दूध विकायचं असतं, पिणाऱ्याचं घर बसतं," हे कुणी शिकवलं तुम्हाला? तुमची स्वतःची कंबर वाकून जमिनीला लागली, तरी कळलं नाही?

आणि मेल्यावरही घोटाळा करून गेलात. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आम्हा बायकांना नदीवर नेत नाहीत, पण भिवा भावोजींनी आल्यावर सगळं सांगितलं. कुणी म्हणालं धाकट्या लेकाला सांभाळू, कुणी म्हणालं जत्रेला कोंबडं देऊ. कावळा ढिम्म. शेवटी तुमचा लेक हात जोडून ओरडला, "आये, दुधाचा रतीब मोडणार नाय! थेंब घरात ठेवणार नाय!" आणि कावळा आला. कावळाच तो! भूक लागली, आला. पण अख्ख्या वाडीनं माना डोलावल्या, म्हातारीचा जीव दुधात होता म्हणे.

तेव्हापासून दूध मागितलं की हेच, "आयेला शब्द दिलाय."

काल मी म्हटलं, "मेलेल्या आयेला शब्द दिलात, जित्या लेकीला काय देणार?"

"कावळ्यानं ऐकलाय तो."

"मग पुढच्या वेळी पोरीला खांद्यावर टाकून महाडला कावळाच नेईल!"

हे उठून गोठ्यात गेले. आणि आज तुमच्या खिरीला दूध घरात राहिलं! तेव्हा शब्द मोडत नाही?

आत्याबाई, मी कुणाला शब्द दिला नव्हता. आज तुम्हाला देते. उद्याची खीर पहिल्यांदा वंदीला. तुमचं पान नंतर. वाडी थुंकली तर थुंकू दे. आणि परवापासून किटलीचं झाकण लागायच्या आधी तिचा पेला भरला जाईल, रोज. मग उन्हात हुंदडू दे तिला. पडली तर मी आहे.

राग आला तर कावळ्याकडं निरोप देऊ नका. माझ्या स्वप्नात या. तिला कुशीत घेऊन बसला होतात, तशाच या. मग बोलू.

तुमची थोरली सून,
पार्वती