तुला न सांगितलेली सकाळ

चि. राजनंदिनीस,

बीपी वाढतंय म्हणून तुला कोपरगावच्या डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय माझी धडधड थांबेना.

आज सकाळी गोठ्यात धारा काढताना तुझ्या अण्णांना रक्ताची उलटी झाली. निम्मं घमेलं भरलं गं. हातपाय गार पडले. शेजारच्या काकू दूध पाजायला धावल्या, पण ते श्वासात जाईल अशी मला भीती वाटली. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि अमृत भाऊजींच्या जीपमधून नगरला आणलं. वाटेत म्हणाले, "डोळ्यापुढं अंधार येतोय. हात सोडू नको."

डॉक्टरांनी विचारलं, "शी डांबरासारखी काळी होत होती का?"

अण्णा म्हणाले, "व्हय, आठवडाभर. म्हणलं, हिला उगं कशाला भ्या दाखवायचं."

गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी खाऊन पोटात जखम झाली होती. रक्त चढवलं, तोंडातून दुर्बीण घालून जखमेला क्लिप लावली. रक्त थांबलंय, पण पुन्हा सुटू शकतं, म्हणतात. ते नुसते खोकले तरी मी उठून त्यांच्या ओठांवर रक्त आहे का बघते.

मघाशी तुझा फोन आला. तू विचारलंस, "अण्णा, जेवलात का?" ते उसनं अवसान आणून म्हणाले, "व्हय, पोटभर." सकाळपासून त्यांना पाण्याचा थेंबही दिलेला नाही.

फोन ठेवल्यावर मला हळूच म्हणाले, "नातवंडाचं तोंड दिसंल ना गं मला?"

त्यांनी तुला सांगितलं, तसंच मीही त्यांना म्हणाले, "व्हय."

तुझी,
आई