आप्पा आन धुराची घोंगडी

मुक्काम मनमाड

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर सिदूचं डोकं.

मी खुशाल हाय. आईचा गुडघा कसा हाय?

उन्हाळ्यात तुमी म्हनला होता, "तुझ्या इंजनाच्या धुरानं ऊन वाढलं, त्या गाडीत मी पाय ठेवनार न्हाई." बिभीषणमामा म्हनले, ऊन सूर्याच्या मर्जीचं. मी हसलो होतो.

परवा इंजनात कोळसा टाकता टाकता डायवरसाहेबाला विचारलं. ते म्हनले, विलायतेतले शिकलेले लोकबी ह्याच्यावरच भांडत्यात. एक जन म्हनतो, कोळशाच्या धुराची धरतीवर घोंगडी पडती आन ऊब आत कोंडती. आप्पा, तुमी शाळंत न जाता त्याच्या पंगतीला बसलात.

आता राग सोडा. तुमच्या सुनंला पोरगी झालीया, नाक तुमचंच. बारशाला गाडीनंच या. वाद मिटंल तवा मिटंल, इथं पहाटं लई गारठा हाय. नातीसाठी आपल्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी आना.

तुमचा धूरवाला
सिदू