मावशीच्या घराची चावी

दादा,

मावशीचं घर अर्धं तुझ्या, अर्धं माझ्या नावावर झालं तेव्हा म्हणालास, "नशीब काढलंस!" काढलं खरं. घराची मालकीण म्हणून माझा अपंगांचा भत्ता बंद झाला. विक म्हटलं, तर तुला भाव वाढायला हवा. चार महिने माझी औषधं वहिनी आणतेय, तुझ्या नकळत, स्वतःच्या पगारातून.

काल भत्त्याच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "रिकामं घर मालमत्तेत धरतात, राहतं धरत नाहीत." म्हणून चावी घेऊन मी तिथेच राहायला चाललेय. तीन जिने बसत-बसत चढेन, उतरणार मात्र नाही. गिऱ्हाइकांना खुशाल आण, दार मीच उघडेन.

आता बघ चढ्या भावाची वाट. आजवरही वाट तूच बघितलीस, पैसे वहिनीने मोजले.